हात सगळ्यांचाच हलतो

पत्र : ताई, नमस्कार. मी ४३ वर्षांची. माहेर मिरजेचं, सासर बडोद्याचं. आम्ही दांडिया बाजारात राहतो आणि मी एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. मे महिन्यात लेकीला नेमबाजीच्या शिबिराला घातलं. एकटी जायला ती कुरकुर करायची, म्हणून मीही रेंजवर जाऊन बसू लागले. एक दिवस सरांनी माझ्याच हातात एअर पिस्तूल दिलं. शिबिर संपलं, लेक बॅडमिंटनकडे वळली, मी मात्र अजून शनिवार-रविवार जाते. तो तास कुणाला द्यावासा वाटत नाही. पण घरी सारखा विषय निघतो. सासूबाई म्हणतात, बाईमाणसाला बंदूक शोभत नाही आणि घरात तर ती येताच कामा नये. हे म्हणतात, या वयात शिकून कुठे ऑलिम्पिकला जायचंय? त्यात माझा हात थरथरतो, काही केल्या थांबत नाही. चाळिशीचा चष्मा लागलाय, बीपीची गोळी सुरू आहे. रेंजवर कुणी सांगतं रायफल घ्या, कुणी सांगतं स्वतःचं पिस्तूल घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. परवान्याचंही नीट कळत नाही. हे पुढे न्यावं, की हौस फिटली म्हणून सोडावं? — एक वाचक, बडोदा

प्रिय ताई,

सोडू नका.

तुमच्या पत्रात सासूबाई आहेत, यजमान आहेत, चष्मा आहे, पण खरी टोचणी त्या थरथरणाऱ्या हाताची आहे असं मला वाटतं. घरच्यांच्या बोलण्याला तुमच्याकडे उत्तर असतं. हात हलला की मात्र तुमचं तुम्हालाच वाटतं, ते म्हणतात तेच खरं असेल. म्हणून आधी हाताबद्दल.

हात सगळ्यांचाच हलतो. साधारण किलोभर वजनाचं पिस्तूल एका हातात, हात पूर्ण लांब करून धरायचं. श्वास चालू, हृदय चालू, खांद्याचे स्नायू क्षणाक्षणाला आपापसांत तोल सावरतायत. तो हात स्थिर राहणारच नाही. वर्षानुवर्षं मारणाऱ्यांचाही हलतो, फक्त कमी हलतो आणि एका लयीत हलतो. नव्या माणसाचा घोळ असा होतो की तो हलणं थांबायची वाट बघत बसतो. साइट, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची पुढची पट्टी आणि मागची खाच, काळ्या गोलाखाली अगदी बरोबर आली असं वाटलं, की त्या क्षणी घाईने ट्रिगर ओढतो. त्या झटक्याने पिस्तुलाचं तोंड खाली जातं. उजव्या हाताने मारत असाल आणि तुमचे छर्रे सारखे खाली डावीकडे पडत असतील, तर ते हात हलल्यामुळे नाही, या झटक्यामुळे आहे. टार्गेटचे कागद काढून एकदा बघा.

आता थोडा हिशेब. तुम्ही हिशेबातल्या आहात, तुम्हाला पटेल. १० मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर १० गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्‍याची कड रेषेला नुसती टेकली तरी वरचे गुण मिळतात. म्हणजे छर्‍याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटर दूर गेला तरी तुमचे १० गुण पक्के. सगळा हात, मनगटासकट, आहे तसा सरळ ५ मिलिमीटर बाजूला सरकला, तर छर्रासुद्धा ५ मिलिमीटरच सरकतो, आणि तुम्ही १० मध्येच राहता.

पण पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत १ मिलिमीटर तिरकी बसली, तर काय होतं बघा. दोन्ही साइटमधलं अंतर ३२ सेंटिमीटरच्या आसपास, टार्गेट १० मीटरवर. तो १ मिलिमीटर टार्गेटवर पोचेपर्यंत ३ सेंटिमीटर होतो. एकेक रिंग ८ मिलिमीटरची, म्हणजे जवळपास चार रिंगा गेल्या. हाताच्या हलण्याने जेवढं जात नाही, तेवढं नजर साइटवरून निसटल्याने जातं. म्हणून सर ओरडून ओरडून सांगत असतील, टार्गेटकडे बघू नका, पुढच्या साइटकडे बघा. काळा गोल धूसर दिसला पाहिजे. तो स्पष्ट दिसायला लागला की समजा, नजर चुकीच्या जागी गेली.

यासाठी महिनाभर एक करा. अर्धा वेळ टार्गेट उलटं लावा, कोरी बाजू तुमच्याकडे. नेम धरायला गोलच नाही, त्यामुळे ‘आता, आता’ म्हणून ट्रिगर ओढायचं कारणच उरत नाही. साइट खाचेत मधोमध, दोन्ही बाजूंना सारखी फट, वरची रेघ समान. आणि बोटाच्या पहिल्या पेराच्या मांसल भागाने ट्रिगर सरळ मागे, हळूहळू दाबत न्यायचा. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला निदान ५०० ग्रॅमचा दाब लागतो. त्यातला बराचसा दाब हात खाली आणता आणताच घेऊन ठेवायचा. शॉट सुटल्यावर लगेच हात खाली टाकू नका, साइट कुठे उचलली गेली ते बघत दोन क्षण तसंच राहा. आणि आठेक सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्या, श्वास घ्या, परत उचला. न मारता हात खाली आणणं पुष्कळांना कमीपणाचं वाटतं. शिकवताना मी त्यालाच सगळ्यात जास्त शाबासकी देते. सामन्यात ६० शॉटला ७५ मिनिटं असतात, मिनिटाहून जास्त वेळ एकेका शॉटला. घाई कुणालाच नाही.

उभं राहताना आणखी एक. पाय ठरवा, डोळे मिटून हात वर न्या, मग डोळे उघडा. पिस्तूल टार्गेटच्या डावीकडे गेलेलं दिसलं तर हात उजवीकडे ओढू नका, मागचा पाय थोडा सरकवा. हात ओढून आणला की खांदा तो परत नेत राहतो, आणि तुम्हाला वाटतं थरथर वाढली. नवरात्रात गरबा खेळून आलेल्या पायांवर तर हा प्रयोग करूच नका, त्या नऊ दिवसांत सुट्टी घ्या.

चष्म्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या वयात नव्याने शिकणाऱ्याची ही मोठी अडचण असते आणि रेंजवरचे तरुण प्रशिक्षक ती पुष्कळदा ओळखत नाहीत. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी केलेला असतो. पुढची साइट त्याहून बरीच लांब, हाताच्या टोकाशी. वाचायच्या चष्म्यातून ती धूसर, चष्म्याशिवायही धूसर. लांबचं-जवळचं एकाच काचेत असतं त्या प्रोग्रेसिव्ह काचेत मान वरखाली करून स्पष्ट जागा शोधावी लागते, आणि मान हलली की सगळं हललं. उपाय सोपा आहे. हात लांब करून उभं राहा आणि सरांकडून डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर टेपने मोजून घ्या. तो आकडा डोळ्यांच्या डॉक्टरांना द्या आणि सांगा की नेम धरणाऱ्या डोळ्यासाठी या अंतराची साधी एकच काच हवी. दुसरा डोळा मिटू नका, मिटला की चेहरा ताणला जातो. त्याच्यापुढे छोटी पट्टी लावा, ३० मिलिमीटर रुंदीपर्यंतची नियमात बसते. आणि कोणता डोळा जोरकस आहे ते तपासलंय ना? दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो तुमचा. तो डावा निघाला आणि तुम्ही उजव्या हाताने मारत असाल, तर सरांशी बोला, एवढ्यात बदलणं सोपं आहे.

रायफल की पिस्तूल? रायफल डोळ्यांना जरा बरी. तिच्या मागच्या साइटला बारीक छिद्र असतं आणि त्यातून जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. दोन्ही हातांचा, खांद्याचा, गालाचा आधार मिळतो. पण ‘सोपी’ म्हणणाऱ्यांनी तिचं टार्गेट बघितलं नसावं, तिथे १० गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे. रायफल साडेपाच किलोपर्यंत जाते, आणि उभं राहून मारताना कंबर पुढे काढून पाठ मागे व बाजूला वळवून तासभर तोलायची. जाड जॅकेट, पँट, हातमोजा, बूट, सगळं वेगळं घ्यावं लागतं. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या बाईला मी पिस्तूलच सुचवेन. आणि खरं कारण तुम्हीच लिहिलंय, तो तास तुम्हाला कुणाला द्यावासा वाटत नाही. तो पिस्तुलाचा तास आहे. मग बदलायचं कशाला?

स्वतःचं पिस्तूल एवढ्यात नको. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्डिनी ही सामन्याची पिस्तुलं बाहेरून येतात आणि किंमत लाखाच्या वर जाते. रेंजच्या पिस्तुलावर तुमचे दहा छर्रे एका जागी, कुठेही असोत पण एका जागी, पडायला लागेपर्यंत नव्या पिस्तुलाने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो ग्रिपने, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीने. रेंजवरच्या पिस्तुलांच्या लाकडी ग्रिप बहुतेक वेळा पुरुषी हाताच्या मापाच्या असतात. बाईच्या तळव्याला त्या सैल बसतात आणि बोट ट्रिगरपर्यंत ताणावं लागतं, मग ओढही तिरकी जाते. सरांना सांगून ट्रिगर मागे घेऊन घ्या आणि लहान ग्रिप असेल तर ती मागा. न लाजता मागा. कित्येक बायका ‘मला जमत नाही’ म्हणून सोडून जातात, आणि अडचण त्या लाकडाची असते.

परवान्याचं थोडक्यात. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअर पिस्तुलाला किंवा रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. सामन्याची एअर पिस्तुलं या मर्यादेच्या बरीच खाली असतात. तरी खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करा, ओळखपत्र द्या, बिल जपून ठेवा. .२२ ची गोष्ट वेगळी. २५ मीटरवर मारतात ते .२२ पिस्तूल दारूगोळ्याचं अग्निशस्त्र आहे, त्याला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि बडोदा शहरात तो अर्ज पोलीस आयुक्तालयात जातो. तुम्हाला आज त्याची गरज नाही. पुढे कधी .२२ चा आवाज खुणावायला लागला, तर तेव्हा क्लबमार्फत बघता येईल.

बीपीची गोळी बंद करायची नाही, वेळही चुकवायची नाही. फक्त डॉक्टरांना विचारून ठेवा की ती बीटा-ब्लॉकर गटातली आहे का. त्या गोळ्यांनी हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून नेमबाजीच्या स्पर्धांमध्ये त्यांना बंदी आहे. हौसेने मारायला काहीच हरकत नाही. स्पर्धेत उतरायचं ठरलं तर मात्र आधी डॉक्टरांशी आणि संघटनेशी बोलून रीतसर मार्ग काढावा लागेल.

छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरू नका, आणि रेंजवरून उठून थेट सेव-उसळीच्या गाडीवर जाऊ नका. आधी साबणाने हात धुवा. लेक सोबत असेल तर तिचेही.

आता सासूबाई. त्यांच्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्हींना मी एकाच मापाने मोजणार नाही. घरात शस्त्र नको, हे त्यांचं म्हणणं मला शहाणपणाचं वाटतं. एअर पिस्तूल खेळणं नाही. जवळून डोळ्याला लागलं तर डोळा जातो. आज तुमच्याकडे पिस्तूल नाहीच, तेव्हा त्यांना आत्ताच शब्द द्या की पुढे कधी घेतलंच, तर क्लबात ठेवायची सोय असेल तर ते तिथेच राहील. घरी आणावं लागलं तर रिकामं, हवेचा सिलिंडर काढून, कुलपाच्या पेटीत. छर्रे दुसऱ्या कपाटात, किल्ली तुमच्याकडे. पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढायचं नाही आणि उत्तरायणात गच्चीवर तर मुळीच न्यायचं नाही. हे तुम्ही आपण होऊन सांगितलंत तर त्यांची अर्धी भीती जाईल.

बाईमाणसाला शोभत नाही, हे मात्र मला मान्य नाही, आणि तुम्हीही मान्य करू नका. भांडून नव्हे, सांगून. ज्या दांडिया बाजारात तुम्ही राहता तिथेच प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा आहे. अंग कमावणं आणि शस्त्र हाताळणं या दोन्ही गोष्टींचा या शहराला मान आहे. सासूबाईंना आणखी एक सांगा. भारताच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ साली झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. घराणं रत्नागिरीकडचं, मराठी, आणि जन्म १८८८ साली आपल्या बडोद्यातला. राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता मिळवायला देशभरातले नेमबाज आजही ज्या स्पर्धेत उतरतात, तिला त्यांचंच नाव आहे. बायकांचं म्हणाल तर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतांनी २०१० साली ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून मारायच्या, रायफलमध्ये जगज्जेतेपद मिळवलं, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. मिरजेहून कोल्हापूर किती लांब, ते तुम्हीच त्यांना सांगा.

पण नावांपेक्षा एक सकाळ जास्त काम करेल. त्यांना रेंजवर घेऊन जा. मागे खुर्चीत बसू द्या. ‘लोड’ म्हटल्याशिवाय कुणी छर्रा भरत नाही, ‘स्टॉप’ म्हटलं की सगळे थांबतात, कुणी टार्गेटकडे जाणार असेल तर पिस्तुलं उघडी करून, नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालून टेबलावर ठेवतात आणि हात लावत नाहीत. तोंड कायम टार्गेटकडे, मारायचं नसेल तेव्हा बोट ट्रिगरच्या बाहेर. एवढी शिस्त समोर बघितल्यावर बंदूक म्हटल्यावर त्यांच्या मनात जे चित्र येतं ते बदलेल. आणि बदललं नाही, तरी सून कुठे जाते आणि काय करते हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असेल.

यजमानांचा प्रश्न मला जास्त लागला. ‘कुठे ऑलिम्पिकला जायचंय?’ रविवारी पोलो मैदानावर क्रिकेट खेळायला जाणाऱ्या पुरुषांना कुणी विचारतं का, रणजीत निवड होणार आहे का? त्यांचा रविवार त्यांचा असतो. तुमचा तास तुमचा असायला पदकाची हमी कशाला लागावी? दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवून, संध्याकाळी घरातल्या सगळ्यांच्या वेळा सांभाळून, आठवड्यात दोनदा तुम्ही एका रेषेवर उभ्या राहता आणि फक्त आपला श्वास आणि आपलं बोट ऐकता. ही गरज आहे. ती त्यांना सांगा, याच शब्दांत सांगितलीत तरी चालेल. खर्चाचं बोला, वेळेचं बोला, शनिवारी दुपारी घरचं कोण बघणार ते ठरवा. तिथे त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं असू शकतं. पण ‘कशासाठी’ याचा जाब देत बसू नका.

वयाचंच म्हणत असतील, तर पॅरिसला २०२४ साली तुर्कीचे युसूफ डिकेच ५१ व्या वर्षी मिश्र एअर पिस्तुलात रौप्य घेऊन गेले, साधा चष्मा लावून आणि एक हात खिशात ठेवून. त्याच ऑलिम्पिकमध्ये जॉर्जियाच्या निनो सालुकवाद्झे उतरल्या, ५५ व्या वर्षी, दहाव्यांदा. २०१६ साली तर त्या आणि त्यांचा मुलगा एकाच ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत होते. आणि उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर नातीला सोबत म्हणून रेंजवर गेल्या आणि साठी उलटल्यावर पिस्तूल शिकल्या. तुम्ही लेकीला सोबत म्हणून गेलात. चंद्रो आजींपेक्षा तुमच्या हातात वीस वर्षं जास्त आहेत.

स्पर्धेचा विचार मनात असेल तर ४५ वर्षांवरच्यांचा मास्टर्स गट असतो, तुम्हाला अजून दोन वर्षं आहेत. त्याआधी क्लबच्या आतल्या छोट्या स्पर्धेत एकदा उभ्या राहा. सगळे बघतायत म्हटल्यावर छाती धडधडते, हात नेहमीपेक्षा जास्त हलतो. ती धडधड घरच्या घरी अनुभवता येत नाही. स्कोअर किती आला ते त्या दिवशी कुणाला सांगू नका, यजमानांनाही नाही.

चष्मा झाल्यावर आणि कोऱ्या कागदाचा महिना संपल्यावर दहा-दहा छर्‍यांचे चार कागद तारीख घालून पाठवा. साइटचे स्क्रू तोपर्यंत फिरवू नका. प्रत्येक शॉटनंतर फिरवलेल्या साइटचा कागद बघून काहीच सांगता येत नाही.

तुमची,
ताई